शैलाच्या हातचं अर्थिंग

किस्से कुणी ठरवून साठवत नाही. आमच्या पडवीतल्या खोक्यात जुन्या वायरी पडत गेल्या, तसे ते पडत जातात. एक ओढायला जावं, तर चार हाताला येतात.

शैला, माझी बायको, घोडेगावात आमच्या पुढच्या खोलीत कम्प्युटर दुरुस्त करायची. कुणाचं मशिन घरीच बघायचं असेल तर स्कूटर काढून जुन्नरपासून भीमाशंकरपर्यंत कुठेही जायची. मी शाळेत मराठी शिकवायचो. यंत्रातलं मला काही कळत नव्हतं. ती जाऊन आता दोन वर्षं होतील. तेव्हा भेटायला आलेला प्रत्येक जण उठताना तिचा एक किस्सा सांगायचा. बहुतेक मला पाठ होते, कारण संध्याकाळच्या चहाबरोबर ते तिनेच सांगितलेले असायचे. आता एकच हाव उरली आहे. मला ठाऊक नसलेला एखादा कुणीतरी सांगावा.

*

आळ्याचे एक बागायतदार, तात्या. त्यांची तक्रार अशी की कम्प्युटरच्या डब्याला हात लावला की मुंग्या येतात. शैलानं प्लग काढून बघितला, तर तिसरी पिन गायब.

"बोर्डाला दोनच भोकं, ताई. तिसरी आडवी येत व्हती, पकडीनं तोडून टाकली. दोनावर चालतंय की मस्त."

"तात्या, चालवायला दोनच लागतात. तिसरी तुम्हाला वाचवायला असते."

तिनं बोर्ड बदलायला लावला, घरामागे खड्डा खणून तांब्याची पट्टी, कोळसा, मीठ घालून अर्थिंग करून घेतलं आणि तात्यांच्या आईला सांगितलं, "आजी, उन्हाळ्यात इथं रोज बादलीभर पाणी घालत जा. जमीन ओली राहिली पाहिजे."

आजींनी ते मनावर घेतलं. तुळशीला पाणी घातलं की खड्ड्याला. मग हळद-कुंकू. मग शेजारच्या दोघी-तिघीही यायला लागल्या. तात्यांचा ओशाळलेल्या आवाजात फोन आला, "ताई, आईला सांगा की हे देवाचं न्हाई."

"पाणी पडतंय ना? मग मी कशाला सांगू?"

पुढे गावातल्या वायरमननं मीटर लावून बघितलं आणि तो चाटच पडला. "एवढं चांगलं अर्थिंग गावात दुसरं न्हाई. खड्ड्यात काय टाकलंय?"

आजी म्हणाल्या, "हळद-कुंकू."

*

आळेफाट्याच्या पुढे एक धनगर कुटुंब राहतं. नातीसाठी कम्प्युटर घेतलेला. म्हातारे धोंडीबाबा रोज तो घोंगडीत गुंडाळून ठेवायचे. घरच्या मेंढरांच्या लोकरीची, कधी न वापरलेली घोंगडी. थंडीच्या दिवसांत ती ओढली की चट्‌चट्‌ ठिणग्या उडायच्या, आणि एक दिवस मशिन बंद पडलं.

शैलानं समजावलं, "बाबा, कोरड्या हवेत लोकर घासली की वीज तयार होते. आपल्याला नुसता चटका बसतो, मशिनचा जीव जातो. सुती चादर घाला."

बाबा दुखावले. "घरातलं सगळ्यात चांगलं त्यालाच दिलं व्हतं."

शैलानं घोंगडीची घडी घातली. मग म्हणाली, "मग ती मला द्या."

घोंगडी घेऊन ती घरी आली तेव्हा मी रागावलो. गरिबाघरची वस्तू अशी मागून आणायची? ती म्हणाली, "नुसतं नको म्हणून आले असते, तर त्यांच्या घरातली सगळ्यात चांगली वस्तू वाईट ठरली असती."

*

एका पाडव्याला मी तिला निळी नायलॉनची साडी आणली. तिनं ती एकदाच नेसली, आणि त्याच दिवशी नेमकं कुणाचं तरी मशिन उघडलं. मेमरीच्या पट्टीला बोट लागलं आणि पट्टी गेली.

"तुमची साडी बिचाऱ्या मशिनच्या जिवावर उठली," हे ती मला पुढच्या पाडव्याला म्हणाली.

त्या दिवसापासून पुन्हा सुतीच. मी वर्षभर समजत होतो की तिला रंग आवडला नाही. विचारायला हवं होतं.

*

शेजारचे बाळूभाऊ विजेला फार भितात. पहिला ढग वाजला की प्लग काढायचे, बटण बंद, मेन स्विच बंद, सगळं घर अंधारात. तरी एका वळवाच्या पावसात त्यांचा कम्प्युटर जळालाच.

"वहिनी, सगळं बंद केलं व्हतं राव!"

शैलानं मागून इंटरनेटसाठी जोडलेली फोनच्या लाइनची वायर उचलून दाखवली. "भाऊ, दार लावलंत. ही खिडकी उघडी होती."

अजूनही ढग वाजले की भाऊंचा फोन येतो, "सर, दोन्ही वायरी काढल्या का?" ते तिच्याबद्दल काही बोलतील म्हणून मी बोलणं लांबवतो. ते पावसाबद्दलच बोलतात.

*

गेल्या डिसेंबरात शैलाच्या मोबाइलवर फोन आला. तो मी चार्ज करून ठेवतो. आहुप्याहून हिराबाई बोलत होत्या. त्यांची सून घरच्या कम्प्युटरवर गावाचे फॉर्म भरते. "ताईंना सांगा, मशिन चालू व्हईना." त्यांना कळलेलं नव्हतं. मी म्हणालो, "येतो."

बिघाड मलाही कळेल असाच होता. लाइटचा मोठा झटका आला होता आणि तो स्पाइक गार्डनं, म्हणजे मशिनचा प्लग ज्यात लावतात त्या संरक्षक बोर्डानं, स्वतःवर घेतला होता. शैलाच्या सामानातला दुसरा मी नेलाच होता. तो लावला, मशिन सुरू झालं.

हिराबाईंनी कोरा चहा दिला. "ताई का न्हाई आल्या?"

"नाही जमलं."

"त्यांना हितं लई आवडायचं. अनवाणी बसायच्या सारवलेल्या भुईवर. म्हणायच्या, ही जमीन अंगातली सगळी वीज पिऊन घेती. म्हणायच्या, आमच्या घरात फरशी, त्यावर ते गालिचं. थंडीत स्कूटरवरनं घरी गेलं की आधी लोखंडी फाटकाला हात लावून उभी राहते, मगच आत जाते. मी इचारलं, फाटकापाशी कुठलं आलं मशिन? तर हसल्या. म्हणल्या, मशिनसाठी न्हाई, सरांना चटका बसतो."

मी कप खाली ठेवला.

"आजून लावत्यात का हात?" हिराबाईंनी विचारलं.

मी म्हणालो, "लावते."