बरोबर शे

समोरच्यानं कुठलीही चाल केली की नाना मान हलवून आपल्या अहिराणीत म्हणत, "बरोबर शे." तुम्ही घोडा फुकट घालवलात तरी तेच. जळगावच्या पिंप्राळ्यातल्या आमच्या बुद्धिबळ क्लबात नवा आलेला माणूस यानं सुखावायचा आणि थोड्या वेळानं वजीर गमावून बसायचा.

नानांचं धुळ्याला सायकलदुरुस्तीचं दुकान होतं. चाकाचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढला की चाक फिरवून, एक डोळा मिटून ते असंच म्हणत. दुकान बंद करून मुलाकडे जळगावला आले, सवय सोबत आली. ऐकू कमी यायचं. कानाचं यंत्र शिट्टी मारतं म्हणून ते खिशात ठेवत.

मी क्लबातला बरा खेळाडू, म्हणजे गल्लीतला वाघ. पहिल्याच रविवारी माझ्याकडून हरल्यावर नाना म्हणाले, "तुले एकदाव हारावसू, मंगच जळगाव सोडसू." तीन वर्षं दर रविवारी खेळलो. एकदाही जमलं नाही त्यांना. हा माणूस मला मनापासून आवडायचा, आणि त्याला हरवायलाही आवडायचं.

मग मुलाची सुरतला बदली झाली. शेवटच्या रविवारी नाना असे खेळले की मला घाम फुटला. त्यांचं प्यादं वजीर व्हायला दोन घरं उरली होती आणि माझा राजा पार दुसऱ्या टोकाला. मी हात पुढे करून हळूच विचारलं, "नाना, बरोबरी?"

"बरोबर शे," नाना म्हणाले आणि दोन्ही हातांनी माझा हात धरला. मी हार मानली असंच त्यांना वाटलं. इतके खूश झालेले नाना मी कधी पाहिले नव्हते.

निकाल लिहिणाऱ्या सरांनी विचारलं, "काय लिहू?" मी बरोबरी म्हणालो. नानांनी वाकून वही पाहिली. दोघांपुढे अर्धा अर्धा गुण. सर पटाकडे बघत म्हणाले, "अहो नाना, जिंकत होतात की तुम्ही."

नानांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. "हात दिधा ना भो. व्हई गयं," झालं ते झालं अशा सुरात म्हणाले आणि सोंगट्या डब्यात भरू लागले. मी तेव्हा बोलायला हवं होतं.

सहा महिन्यांनी धीर करून सुरतला फोन लावला. मुलगा म्हणाला, "नानांना आता फोनवर काहीच ऐकू येत नाही. इथेच बसलेत. निरोप सांगा, मी लिहून दाखवतो."

"काही नाही," मी म्हणालो, "सहज केला होता."