नदीकाठची एकटी

घरमालकीण काकूंनी आपल्या नव्या भाडेकरू मुलीला पहिल्यांदा नीट पाहिलं ते नदीवर. खोली बघायला आली तेव्हा त्यांचं सगळं लक्ष तिच्या चपलांच्या चिखलावर होतं. इथे मात्र ती खडकावर उकिडवी बसून चिमट्याने कसली तरी घाण बाटलीत भरत होती, आणि तेही फुलं वेचावीत इतक्या हलक्या हाताने.

“हे काय गं?”

“पाणमांजराची विष्ठा, काकू. बघा, माशांचे खवले दिसतायत.”

“माझ्या फ्रिजला हात लावलास तर बघ.”

काकूंनी हे सांगितल्यापासून दूधवाला तिला खवलेबाई म्हणू लागला. ती हसायची, पण दोन वाक्यांपुढे कुणाशी बोलणं नाही. नदीवर पाणमांजरं किती उरलीत ते शोधायचं तिचं काम होतं; बाटल्या प्रयोगशाळेत जायच्या. विष्ठेतल्या पेशींवरून जनावर नेमकं कोणतं, नर की मादी, ते तिथे कळायचं. दर वेळी तीच एक मादी निघायची. एखादा नर सापडला तर कामाला मुदतवाढ मिळणार होती, नाहीतर गाशा गुंडाळायचा.

“काय, जावई मिळाला का?” काकू दारातून विचारायच्या. ती मान हलवून जिना चढायची. मग वर एका ताटाचा आवाज यायचा. खालीही एकाच ताटाचा.

शेवटी एकदाचा नर मिळाला. काकूंनी तिला आग्रहाने जेवायला बसवलं, पण तिने हातातला घास ताटात परत ठेवला.

“चिखलात पावलं एकीचीच आहेत, काकू. हा आला कुठून?”

तिने उरलेला नमुना पुन्हा तपासायला लावला. नर निघाला प्राणिसंग्रहालयातला. तुलनेसाठी आणलेलं त्याचं रक्त प्रयोगशाळेतच त्या नमुन्यात मिसळलं होतं. तिने ते वरिष्ठांना स्वतःहून कळवलं.

“गप्प बसली असतीस तर काय बिघडलं असतं?” काकू चिडल्याच. जिन्यावरच्या तिच्या पावलांची त्यांना सवय झाली होती.

“मला मुदत मिळाली असती. पण नर आहे म्हटल्यावर त्या मादीसाठी बाहेरून जोडीदार आणायचं कुणाच्या मनात तरी आलं असतं का?”

“आणि आता आणतील?”

“माहीत नाही. आणा म्हणून मी लिहून दिलंय.”

काम बंद झालं आणि ती खोली सोडून गेली. काकू मधूनमधून फोन करतात. नदीवरची खबर दोघींनाही नसते, मग जेवलीस का, एवढंच विचारणं होतं. सध्या ती दुसऱ्या शहरात एका बियाणे कंपनीत बियाण्यांची शुद्धता तपासते आणि कंपनीने दिलेल्या खोलीत एकटी राहते.