ओठ न लावता

मी सायकलवर परदेश पाहिलेला माणूस आहे. खरं म्हणजे भावोजींचं मागचं चाक पाहिलेला. बारा दिवस दुसरं काही नजरेला पडलंच नाही. भावोजी म्हणजे माझ्या अक्काचे यजमान, तंजावूरच्या तालुका कचेरीत कारकून. सगळ्या जगाला मराठी येते, लोक उगाच लाजतात, असं मानणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही. नव्या आर्थिक धोरणाची हवा आली, आमच्या राजवाड्यामागच्या गल्लीत रंगीत टीव्ही आले, स्कूटरी आल्या. भावोजींनी पासपोर्ट काढला. माझाही काढवला, कारण पंक्चरला कुणीतरी हवं. पाचवीत मी शाळा सोडली, पण चाकातलं मला कळतं.

तिकिटं त्यांच्या मलेशियातल्या मामेभावानं धाडली. तिथं जुन्या सायकली घेतल्या नि उत्तरेला निघालो. तिथवर तमिळ चालली. थायलंडची वेस ओलांडली आणि माझी जीभ खिशात गेली. भावोजींची नाही. टपरीवर ते खुशाल सांगायचे, "अम्मा, दोन काफी, साखर कमी." बाई नारिंगी रंगाचा गोडमिट्ट चहा आणायची. भावोजी मान मागं टाकून, ग्लास हातभर वर धरून, ओठ न लावता धार गिळायचे. "गरम आहे ना? मग झालं!" मुक्काम देवळाच्या पडवीत. "देवाला भाडं लागत नाही, भाषाही नाही." मागं वळून मात्र कधी बघायचे नाहीत. म्हणे, हँडल वाकडं होतं.

एका गावात माझी चेन उतरली. बऱ्याच खटपटीनं बसवून मान वर करतो तर पुढं तीन रस्ते, आणि भावोजी एकावरही नाहीत. माझा पासपोर्ट त्यांच्या कमरेच्या पिशवीत. निघताना अक्कानं बजावलेलं, "त्यांना परत आण. तू आलास तर आलास." तिथल्याच टपरीवालीला हातवाऱ्यांनी टक्कल दाखवलं, चष्मा दाखवला, पोट दाखवलं. तिनं भात आणून ठेवला. मग सुचलं. चहा मागवला, मान मागं टाकली, वरून धार सोडली. जन्मभर मी टंबलरला ओठ लावून पिणारा, उष्टं करतो म्हणून अक्काच्या शिव्या खाल्लेला. निम्मा चहा नाकात, निम्मा सदऱ्यावर. पण बाई टाळ्या पिटत हसली आणि तिनं डाव्या रस्त्याकडे बोट केलं! पुढल्या टपरीवर पुन्हा तेच, पुन्हा नाक. तिसऱ्या टपरीशी ही गर्दी. मधोमध भावोजी, चार म्हाताऱ्यांना धार धरायला शिकवताहेत, मराठीत. "मान अजून मागं, मामा!" मी सायकल टाकली, त्यांना मिठी मारली आणि भोकाड पसरलं. ते म्हणाले, "सदरा का रे भिजवलास?"

आता वयानं भावोजींचा हात कापतो. तोंड भिंतीकडे करून ते टंबलरला ओठ लावतात, आणि मी तेवढा वेळ खिडकीबाहेर बघतो. परवा जरा हसवावं म्हणून म्हटलं, "भावोजी, आता तुम्ही हरवलात तर मी शोधू कसं?"

त्यांनी टंबलर खाली ठेवला. "हरवला होतास तू. मी चहा पीत होतो."