फुंकर मावशीचा शब्द

माझ्या थोरल्या बहिणीला कुणी घरी बोलावलं, की ती चहाला तोंड लावायच्या आधी त्या घरातल्या पोरांची तोंडं उघडते. "आ कर बघू. मोठा आ. अजून मोठा." पोरं बिचारी तिच्यापुढे आ वासून उभी, आणि मी शेजारी लाजेने अर्धमेली. एकदा आमच्या खालच्या मजल्यावरच्या गृहस्थांनी जांभई दिली, तर ही म्हणते, "वरची डावी दाढ एकदा दाखवून घ्या हं." तो माणूस पुढे महिनाभर जिन्यातून तोंडावर हात ठेवून जात होता.

ताई दातांच्या सरकारी दवाखान्यात मदतनीस आहे. त्याआधी चपलांच्या दुकानात होती. नोकरी बदलली तेव्हा आमची आत्या म्हणाली होती, "अगं, दात कोरून कुठे पोट भरतं का?" ताई म्हणाली, "स्वतःचे कोरून नाही भरत आत्या, दुसऱ्याचे कोरले की भरतं." या गोष्टीला आता अकरा वर्षं झाली.

मंगळवारी आणि गुरुवारी ती डॉक्टरांबरोबर गाडीतून शाळांमध्ये जाते. एका वर्गातले बाक भिंतीला लावायचे, घडीची खुर्ची उघडायची, हवेचं मशीन सुरू करायचं. मग पहिली-दुसरीची पोरं रांगेने येतात. यांचं काम एकच. साधारण सहाव्या वर्षी दुधाच्या दातांच्या मागे एक दाढ येते, खाली दोन आणि वर दोन. तिच्यासाठी कुठलाच दात पडत नाही, त्यामुळे ती आल्याचं घरात कुणाला कळतच नाही. आणि कळलं, तरी आया म्हणतात, "दुधाचीच असेल, पडेल." हे वाक्य ताईसमोर चुकून बोलू नका. "पडेल? अहो, ती आयुष्यभराची आहे! ती गेली की गेली!" असं सुरू होतं, ते समोरची बाई ब्रश हातात घेईपर्यंत थांबत नाही.

त्या दाढेच्या डोक्यावर बारीक बारीक खाचा असतात. ब्रशचा केससुद्धा आत जात नाही, पण बिस्किटाचा चिखल बरोबर जातो आणि तिथेच मुक्काम ठोकतो. म्हणून कीड लागायच्या आधीच त्या खाचांवर एक पातळ लेप द्यायचा, नेलपॉलिशसारखा. सुई नाही, मशीनने कोरणं नाही, पाच-सात मिनिटांचं काम.

ऐकायला सोपं, पण करून बघा. दाढ घासायची, तिच्यावर निळं औषध ठेवायचं, धुवायची, मग हवा मारून ती खडूसारखी पांढरी दिसेपर्यंत वाळवायची. त्यावर लेप, आणि तो घट्ट व्हायला वरून निळा दिवा. आता धुतल्यापासून लेप बसेपर्यंत त्या दाढेला थुंकीचा एक थेंब जरी लागला, तरी सगळं मुसळ केरात. त्या दिवशी लेप छान दिसतो, आणि चार-सहा आठवड्यांनी निघून जातो. आणि सहा वर्षांच्या पोराच्या तोंडात दुसरं असतं काय? थुंकी आणि जीभ! ती जीभ म्हणजे आगाऊ शेजारीण, नको तिथे डोकावल्याशिवाय तिला चैन पडत नाही.

तर एका हातात हवेची नळी, दुसऱ्या हातात थुंकी ओढायची नळी, करंगळीने कापसाची गुंडाळी दाबलेली, अशी ताई खुर्चीच्या डाव्या बाजूला उभी असते. पोरं तिला फुंकर मावशी म्हणतात. डॉक्टर उजव्या बाजूला. साठीला टेकलेले, जाड चष्मा, बोलणं मोजकं. त्यांच्या आरशावर पोराच्या श्वासाने वाफ धरते, आणि गालाकडची बाजू त्यांना दिसत नाही, ती ताईला दिसते. म्हणून लेप लावायच्या आधी ते मान वर न करता विचारतात, "कोरडी?" ताई म्हणणार, "कोरडी," की लेप पडला. ताई म्हणणार, "ओली," की पुन्हा औषध, पुन्हा धुणं, पुन्हा हवा. पोर रडो, घंटा होवो, बाहेर गाडीवाला हॉर्न वाजवो.

एरवी ताई खोटं बोलत नाही असं नाही हं. वय विचारलं तर चार वर्षं गिळते. मी केलेल्या भाजीला "छान झालीये" म्हणते आणि पाणी पिते. पण दाढेपुढे मात्र हरिश्चंद्राची सख्खी बहीण. म्हणजे नात्याने तो माझाही भाऊच, पण ते गुण वाटणीत माझ्याकडे आले नाहीत.

गेल्या वर्षी त्यांची गाडी माझ्या लेकीच्या शाळेत आली. लेक दुसरीत. तिला आम्ही मिरची म्हणतो, त्यातच काय ते समजून घ्या. माझं शिवणकामाचं दुकान शाळेच्या समोरच, म्हणून बाईंनी मला बोलावून घेतलं, "तुम्ही या बाई, ती आम्हाला आवरत नाही."

तीन दाढा झाल्या. चौथी, खालची डावी, काही होईना. एकदा ओली, दुसऱ्यांदा ओली. तिसऱ्यांदा औषध लागलं तेव्हा मिरचीच्या डोळ्यांतून, नाकातून, सगळीकडून धारा. औषध आंबट लागतं म्हणे. ती ओरडत नव्हती. ओरडली असती तर परवडलं असतं. ती नुसती ताईकडे बघत होती. हे मला नंतर ताईकडून कळलं; मी दाराशी उभी, मला तिचे हलणारे पायच तेवढे दिसत होते. डॉक्टरांनी विचारलं, "कोरडी?"

ताई म्हणाली, "कोरडी."

झालं. मिरचीला टाळ्या मिळाल्या, मी दुकानात आले, एका गिऱ्हाइकाची बाही उलटी शिवली, विषय संपला.

त्यानंतर ताई दर रविवारी आमच्याकडे यायला लागली. आली की टॉर्च, आणि मिरचीला आ करायला लावणार. मला वाटलं, भाचीवर किती जीव! मी कौतुकाने चार जणींना सांगितलंही. सातव्या रविवारी तिने खूप वेळ बघितलं, टॉर्च बंद केली, आणि चहा न घेता निघाली. जाताना म्हणाली, "उद्या हिला दवाखान्यात घेऊन ये."

डॉक्टरांनी बघितलं. खालच्या डाव्या दाढेवरचा लेप पार गेला होता. दाढ चांगली होती, कीड-बीड काही नाही. मी म्हटलं, "मग पुन्हा लावा ना डॉक्टर, त्यात काय." डॉक्टरांनी चष्मा काढला आणि डोळे चोळले.

"दोन महिनेही टिकला नाही," ते म्हणाले. "माझा हात चुकला. खरं सांगायचं तर बरेच दिवस वाटतंय, डोळे साथ देत नाहीत. ताई, शाळांचं काम आता थांबवू या. इथे दवाखान्यात मोठा दिवा आहे, इथे जमेल तेवढं करीन."

त्यांच्या जागी शाळेत जायला दुसरा कुणी डॉक्टर तयार नव्हता, हे मलासुद्धा माहीत होतं. ते थांबले की गाडी थांबली, आणि ती सगळी पोरं गेली "पडेल" म्हणणाऱ्यांच्या हवाली.

लेप कुणाचाही निघतो. ताई गप्प बसली असती तर परमेश्वरालाही कळलं नसतं. पण ही बया म्हणाली, "डॉक्टर, तुमचा हात चुकला नाही. दाढ ओली होती. तिची जीभ लागलेली मी बघितली होती. तरी मी कोरडी म्हणाले."

मला असा राग आला म्हणून सांगू! आणि खरं सांगते, ती तेव्हा खोटं बोलली याचा नाही, आता खरं बोलली याचा. अगं, कुणी विचारलं होतं का तुला?

डॉक्टरांनी चष्मा घातला. "का?"

"ती माझ्याकडे बघत होती."

"आणखी किती वेळा असं झालं?"

"ही एकच. देवाशपथ, ही एकच."

डॉक्टर म्हणाले, "हं."

त्या एका 'हं'चा आम्ही दोघी बहिणींनी पुढे किती कीस पाडला! विश्वास बसला असं ते 'हं' होतं, की जा बाई आता असं? खोटं बोलले म्हणणाऱ्या माणसाने पुढच्याच क्षणी 'एकच' म्हणावं, तर ऐकणाऱ्याने काय करावं, तुम्हीच सांगा.

त्यांनी मिरचीची दाढ पुन्हा केली. ताई आपली हवा मारून थांबली. डॉक्टरांनी विचारलं नाही. स्वतः उठून तिच्या बाजूला आले, वाकून वाकून बघितलं, आणि लेप लावला.

गाडी बंद झाली नाही, तेवढं ताईच्या बोलण्याने साधलं. पण डॉक्टरांनी विचारणं बंद केलं. कपाळावर एक दिवा बांधला, आणि दर पोरामागे खुर्चीला वळसा घालून दोन्ही बाजूंनी स्वतः बघायला लागले. पूर्वी मधल्या सुट्टीपर्यंत वीस पोरं व्हायची, आता जेमतेम दहा. उरलेली तशीच वर्गात परत. ताईला ते एक शब्दही वावगा बोलले नाहीत. "हवा. बस. पुढचं." इतकंच.

ताई संध्याकाळी माझ्या दुकानात येऊन स्टुलावर बसायची आणि कापडाचे दोरे तोडत राहायची. "आज पण नाही विचारलं."

"अगं, मग बरंय की. डोक्याला ताप नाही."

"ओरडले असते तर बरं झालं असतं गं. मी तिथे नळी धरायला आहे आता. नळी खुंटीला पण लटकते."

मी म्हटलं, मी जाऊन बोलते त्यांच्याशी. तर माझ्यावरच डाफरली. म्हटलं, दुसरी नोकरी बघ. म्हणाली, "तिथे काय सांगू? आधी काय काम करत होता विचारलं तर? खरं सांगायचं काम करत होते, एकदा नाही केलं." मी आपलं शिलाई मशीन चालवत राहिले. कुणाच्या घरी गेलं तरी ती आता पोरांकडे बघेना. पोरं आपणहून आ करून उभी राहिली, तर डोक्यावरून हात फिरवून पुढे जायची. माझी एवढी बडबडी बहीण अशी मिटलेली मला बघवत नव्हती. मला तिची काळजी वाटत होती, आणि रात्रंदिवस तिच्यावर चिडायची सवय असल्यामुळे ती नीट बोलताही येत नव्हती.

पाचव्या आठवड्यात तिने अर्ज लिहिला. गाडीवरून काढून केसपेपरच्या खिडकीवर बसवा म्हणून. मला वाचून दाखवला. अक्षर सुरेख होतं. "शुक्रवारी देणार," म्हणाली.

गुरुवारी त्यांची शाळा होती. पुढचं सगळं मला ताईने त्याच संध्याकाळी स्टुलावर बसून सांगितलं, दोनदा, आणि दोन्ही वेळा तेच सांगितलं.

खुर्चीत एक पिटुकला मुलगा होता, पुढचे दोन्ही दात पडलेले. एकदा ओली होऊन पुन्हा केलेली दाढ. पोरगं थकलेलं. त्याच्या वर्गाच्या बाई दाराशी घड्याळ बघत उभ्या. डॉक्टरांनी स्वतःच्या बाजूने बघितलं, ताईच्या बाजूला येऊन बघितलं, परत जागेवर गेले आणि लेपाची काडी उचलली. तेवढ्यात ताईला दिसलं. पार मागे, गालाकडून, एक बारीक चमक. डॉक्टर जागेवर जाईपर्यंत ती आली होती.

तिला कुणी विचारलं नव्हतं. पोरगं तिच्याकडेच बघत होतं.

"ओली," ताई म्हणाली. म्हणजे आवाज धड फुटलाच नाही, पण म्हणाली.

डॉक्टर थांबले. वाकले, आरसा पुसला, दिवा नीट केला. "मला कोरडी दिसतेय."

"ओली आहे, डॉक्टर. अगदी मागे."

ते उठून तिच्या बाजूला आले. बराच वेळ बघितलं. पोराला कळलं, आता पुन्हा सगळं पहिल्यापासून. त्याचे ओठ थरथरायला लागले. दारातल्या बाई म्हणाल्या, "अहो, डॉक्टरांना कोरडी दिसतेय ना? मग लावून टाका की! किती छळाल लेकराला?"

डॉक्टरांनी काडी ट्रेमध्ये ठेवली.

"बाई," ते म्हणाले, "मला अजूनही कोरडीच दिसतेय. पण या ओली म्हणतायत ना, मग ती ओलीच." आणि पोराला म्हणाले, "बाळा, पुन्हा एकदा. शेवटचं."

पोराने भोकाड पसरलं. ताईने त्याची जीभ धरली, डॉक्टरांनी औषध लावलं, धुतलं, ताईने हवा मारली. दाढ पांढरी झाली. डॉक्टर आपल्या जागेवर वाकलेले, मान खाली. उठून दुसऱ्या बाजूला आले नाहीत.

"कोरडी?"

ताईने पार मागे, गालाकडे, नीट बघितलं. डोळे भरलेले, दोन्ही हात गुंतलेले, पुसायचे कशाने? तिने नुसती मान हलवली.

"मान नका हलवू, ताई," डॉक्टर म्हणाले. "मला ती दिसत नाही. तोंडाने सांगा."

ताईने सांगितलं.