मेंढपाळाची खिडकी

खिडकी माझ्या हातून सुटली. नवऱ्यानं सोडली नाही. बांबूच्या परांचीवरून दोघं पडलो. मी वाळूच्या ढिगावर, तो दगडी ओट्यावर, आणि त्याच्या अंगावर रंगीत काचा. तो हललाच नाही.

तिसगावच्या पुढं एका गावात जुनं चर्च आहे. पूर्वेच्या भिंतीत वर मेंढपाळाची खिडकी: कोकरू घेतलेल्या मेंढपाळाचं चित्र, शिशाच्या पट्ट्यांत रंगीत काचेचा तुकडा न् तुकडा बसवून केलेलं. पट्ट्या सैल झाल्या म्हणून ती उतरवून आम्ही नगरला घरी आणली आणि नव्या पट्ट्यांत बसवली. अशी खिडकी आडवी न्यायची नाही, मधेच मोडते. उभी धरायची, दोघांनी. आणि ती भिंतीत बसेपर्यंत समोरचं दार लावून ठेवायचं, नाहीतर वारा आरपार येतो. चर्चच्या कारभाऱ्याला नवऱ्यानं हे बजावलं होतं. तरी आम्ही ती परत वर बसवत असताना त्यानं आम्हाला चहा द्यायला म्हणून दार उघडलं. आषाढातला वारा. छपरावरचा पत्रा उडावा तशी खिडकी आमच्या अंगावर आली.

काचा मी पोत्यात भरून घरी आणल्या. जाऊ म्हणाली, "हिरीत टाक त्या. माणूस खाल्लंय त्यांनी."

"वाऱ्यानं खाल्लंय. वारा टाकू का हिरीत?"

पुढं कारभारी घरी आला. "मावशी, झालं ते झालं. आता तितं ॲल्युमिनियमची सरकती खिडकी बसवू. हवा बी येईल."

"आली की हवा त्या दिशी."

 तो म्हणाला, "तुमच्यानं न्हाई व्हायचं. बाईमाणूस, ह्या वयात."

"मंग आजवर काचा कोन कापत हुतं, तुमचा चुलता? हिरकणी माझ्याच हातात असायची. ते नुसते डाख द्यायचे."

तापल्या कथलानं पट्ट्यांचे सांधे जोडायचे, तो डाख द्यायला मी शिकले. बोटं भाजली. कोकराच्या तोंडाचा चुरा झाला होता आणि तसली काच कुठं मिळेना. मी साधी पांढरी लावली.

कारभारी म्हणाला, "लई उठून दिसतंय."

"दिसू द्या. फुटलंच हुतं ते."

बसवायच्या दिवशी चर्चच्या दाराला मी कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला खोचली. खिडकीची दुसरी बाजू धरायला जाऊ वर चढली. सगळा वेळ मला शिव्या देत होती, पण हात घट्ट होते तिचे. कारभारी खाली उन्हात किटली घेऊन उभा.

"मावशी, च्या गार व्हतोय."

"होऊ द्या."

शेवटची खिळपट्टी ठोकली तेव्हा मी खाली उतरले आणि किल्ली त्याच्या हातात दिली. चहा घेतला नाही.

खिडकी अजून तिथं आहे. आषाढातल्या त्या दिवशी परांचीवर आम्ही दोघं होतो. त्यातली मी वाचले.