उंबऱ्याची ओळ

भांडण आत चाललं होतं आणि गोजरबाई पत्र्याच्या भिंतीआड भरली घागर कमरेवर घेऊन उभी होती. आत तिचा नवरा साहेबराव आणि नणंद दीपमाला. या गोष्टीला आता चाळीस उन्हाळे झाले, पण घागरीचा तो गारवा तिच्या कमरेला अजून आठवतो.

“माईकवर नाव तिचंच पुकारलं,” दीपमाला म्हणत होती. “माझं कुणी घेतलं का? लिवलं कुणी? बसून जुळवलं कुणी? गाणी माझी हायेत, दादा. तिचं नुसतं तोंड चालतं.”

“तोंड तर तुझंबी चालतंय की,” साहेबराव म्हणाला. “हळू बोल, ती येईल.”

“येऊ दे. मी काय भिते व्हय?”

गोजरबाई चार पावलं मागं सरली. मग चपला वाजवत, खाकरत, नव्यानं आली आणि घागर उतरवत म्हणाली, “दीपे, भाकरी टाकल्या का?”

“टाकल्या, वहिनी.”

झालं. दोघी एका ताटात जेवल्या. दुसऱ्या दिवशी गोजरबाईनं गाणं सांगितलं आणि दीपमालानं लिहून घेतलं, रोजच्यासारखं. फक्त एक गोष्ट त्या दिवसापासनं गोजरबाईनं सोडली. लिहून झालं की ती म्हणायची, “वाचून दाखव.” ते म्हणायचं सोडलं. वाचल्यावर काय निघंल, कुणाला ठाऊक?

गोजरबाईची शाळा दुसरीतच सुटली होती, पाठची भावंडं सांभाळायला. अक्षरं तिला चेहऱ्यानं ओळखू यायची, नावानं नाय. पण भाकरी थापायला बसली की तोंडातून गाणं निघायचं. पोरीच्या पाटीचं, पिंपळाच्या पानाचं, नळावरच्या रांगेचं. कुठून यायचं ते तिचं तिलाच माहीत नव्हतं.

दीपमाला मात्र पाचोडच्या शाळेत चौथीपर्यंत शिकलेली. शुद्धलेखनात पहिली. तिथला मास्तर मोठा कडक, तो बोलंल ते सगळं पाटीवर उतरलं पाहिजे, एक शब्द सुटला की हातावर छडी. लग्न करून ती बिडकीनला गेली, पण चार महिन्यांत नवऱ्यानं माघारी धाडली. भावाकडं गारखेड्याला आली ती आलीच. तवापासनं चुलीच्या एका अंगाला वहिनी आणि दुसऱ्या अंगाला गुडघ्यावर वही घेतलेली नणंद. गल्लीतल्या बाया म्हणायच्या, या दोघींचं एकीचं तोंड आणि एकीचा हात. गोजरबाई हसायची. पण तोंडाची किंमत जास्त का हाताची, हा काटा आत रुतलेला तो रुतलेलाच.

मागल्या दिवाळीच्या आधी दीपमाला गेली. तीन दिवस ताप, चौथ्या दिवशी माणूस नाय. पुण्यानुमोदनाचा विधी झाला, पाहुणे आपापल्या गावी गेले, आणि एका सकाळी भाकरी थापताना गोजरबाईच्या ध्यानात आलं की परातीचा आवाज येतोय, तोंडाचा येत नाय.

लोक म्हणाले, दुःख आहे, हळूहळू येईल. दुःख तर होतंच. पण दुःखाच्या पोटात दुसरंच भ्या होतं, ते तिनं कुणाला सांगितलं नाय. दीपमाला खरंच बोलली असंल तर? गाणी तिचीच असतील तर? मग आता येणार कुठून? विहिरीवरची मोट गेली आणि आपण पाटाला शिव्या देत बसलो, तसं व्हायचं.

तिनं दोनदा करून बघितलं. पहिल्या दिवशी जुनीच ओळ आली. दुसऱ्या दिवशी तीबी नाय, नुसती भाकरी करपली. साहेबराव कूलरसमोर बसून ती करपलेली भाकरी मुकाट खात होता. “औंदा ज्वारी काळी आली का गं?” एवढंच त्यानं विचारलं. तिनं परात आपटली. मग गाण्याचं नाव काढणंच सोडलं.

वैशाखी पौर्णिमा आठ दिवसांवर आली तशी विहारात महिला मंडळाची बैठक बसली. दरसाल पौर्णिमेला गोजरबाईचं नवं गाणं, ही रीत. विहाराचा झाडू गोजरबाईकडं आणि किल्ली दीपमालाकडं, हीबी रीतच होती. आता झाडू आणि किल्ली दोन्ही एकीच्याच हातात.

“मावशी, औंदाचं गाणं?” आशाबाईनं विचारलं. ती मंडळाची अध्यक्ष. मनानं वाईट नाय, पण जिभेला हाड नाय.

“औंदा नाय.”

“असं कसं? मग दीपमाला मावशीच्या वह्या काढा की. त्यात एखादं राहिलेलं असंल.”

“वह्यांना कुणी हात लावायचा नाय.”

“का वो?” आशाबाई हसली. “वह्या उघडल्या तर कळंल व्हय, गाणी तिचीच होती म्हणून?”

बाया हसल्या. गोजरबाईनं पदर सावरला, उठली आणि बाहेर पडली. चप्पल उलटी घातलीये हे तिला घराजवळ आल्यावर कळलं.

घरी नात मोनाली अभ्यास करत होती. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे, चष्मा लावते. महिन्याभरापूर्वी तिनंच म्हटलं होतं, आजी, वह्यांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवू. तवा गोजरबाईनं तिच्या हातातून वह्या हिसकल्या होत्या आणि ज्वारीच्या पिंपात खोल पुरल्या होत्या. साप पुरावा तशा.

आता ती सरळ पिंपाकडं गेली. कोपरापर्यंत हात घातला, तीन वह्या काढल्या आणि त्यातली सगळ्यात जुनी, कडा कुरतडलेली, मोनालीच्या पुढ्यात टाकली. ज्वारीचे दाणे फरशीभर झाले.

“वाच. एकबी अक्षर गाळू नको. वाईट निघालं तरी गाळू नको.”

“आजी, तू घामानं भिजलीस. पाणी पी आधी.”

“वाच म्हटलं ना!”

मोनालीनं पान उघडलं. गोजरबाई भिंतीला पाठ लावून बसली. मास्तराच्या छडीपुढं धरावा तसा तिचा उजवा हात मांडीवर उताणा पडला होता.

“पाटी घेतली लेकीनं, पाऊल टाकलं पुढं,” मोनाली वाचू लागली, “थांब गं, दूध उतू चाललं.”

“काय?”

“असंच लिहिलंय. पुढं ऐक. उंबऱ्यानं विचारलं, लेकी निघालीस कुठं, त्या मांजरीला हाकल आधी, मेली परातीत तोंड घालती.” मोनालीला हसू आवरेना. “आजी, हे गाणंय का काय?”

“हसू नको. पुढं.”

मोनालीनं पानामागून पान वाचलं. पिंपळाच्या गाण्यात साहेबरावाचा डबा भरला जात होता. नळाच्या गाण्यात खराच नळ आला होता आणि वहीत लिहिलं होतं, नळ आला, नळ आला, राहिलेलं नंतर सांगते. गोजरबाई चुलीपुढं जे बोलली होती ते सगळं जसंच्या तसं. मास्तर सुटला होता, चौथी सुटली होती, नवरा सुटला होता, पण दीपमालाची सवय सुटली नव्हती. ऐकलेला शब्द गाळायचा नाय. वाचून दाखवताना आणि विहारात बायांना शिकवताना तेवढं दूध आणि मांजर ती वगळत होती.

गाणी आपलीच होती म्हणायची. गोजरबाई हसायला लागली.

“थांब, पहिल्या गाण्यात एक कडवं राहिलं,” मोनाली पान मागं उलटत म्हणाली. “उंबरा म्हणतो लेकी, मी बी येऊ का? आणि त्याखाली बारीक अक्षरात लिहिलंय, ही ओळ माझी. दीपमाला.”

गोजरबाई हसायची थांबली.

“परत वाच.”

मोनालीनं परत वाचलं.

तीच ओळ. भांडणाच्या आदल्या रात्री सभेत लोकांनी तीनदा म्हणायला लावलेली. टाळ्या त्याच ओळीला पडल्या होत्या आणि माईकवर नाव पुकारलं होतं गोजरबाईचं. नंतर चाळीस वर्षं कुणीबी भेटलं की म्हणायचं, गोजरबाई, तो उंबरा लई भारी केला वो तुम्ही. आणि तिनं मान हलवून ते घेतलं होतं, कारण तिला खरंच वाटायचं की आपलाच. गाणं एकदा शंभर तोंडांतून फिरलं की आपली ओळ कुठली, कळत नाय.

“आणखी कुठं लिहिलंय तसं? बघ. तिन्ही बघ.”

मोनालीनं तिन्ही वह्या चाळल्या. एकेक पान बोट फिरवून बघितलं. गोजरबाई तिच्या बोटाकडं बघत होती.

“नाही आजी. पहिल्या गाण्यातच. त्यानंतर तिनं एकही ओळ घातलेली नाही.”

गोजरबाईनं वही मांडीवर ओढली आणि त्या बारीक अक्षरांवर बोट ठेवलं. भांडणानंतर हीच वही एकदा वाचून दाखव म्हणाली असती, तर तवाच ही बारीक अक्षरं निघाली असती. मग कोण जाणे, दीपीनं आणखी किती दिल्या असत्या. उंबऱ्याला बाहेर निघावंसं वाटतं, हे घरी परत धाडलेल्या बाईलाच सुचणार, हे तरी आपल्याला कळायला पाहिजे होतं का नाय?

“माझी एकच ओळ घेतली म्हणून सांगायचं ना, सटवे,” ती भिंतीकडं बघून म्हणाली. “सगळी गाणी माझी म्हणून कशाला भांडलीस?” आणि डोळ्याला पदर लावला.

मग तिनं मोनालीच्या मोबाइलवरून आशाबाईला फोन लावायला सांगितला.

“आशे, पौर्णिमेला माईकवर सांगायचं, उंबऱ्याची ओळ दीपमालाची आहे. नाव पुरं घ्यायचं.”

“घेते, मावशी. मघाशी मी जरा चुकीचं बोलले वो.”

“बरोबर बोललीस. एका ओळीपुरतं.”

“आणि नवं गाणं?”

“ते माझं मी बघते,” म्हणून गोजरबाईनं फोन मोनालीकडं परत दिला.

संध्याकाळी तिनं परातीत पीठ घेतलं. मोनाली कोरी वही घेऊन समोर बसली, कुणी सांगितलं नव्हतं तरी. गोजरबाईनं पिठात पाणी ओतलं. मळलं. पहिली भाकरी थापली, तव्यावर टाकली, पलटली. काही नाय. दुसरी थापली. मोनालीनं पेनाचं टोपण काढलं, लावलं, परत काढलं.

तिसऱ्या भाकरीला, मान खाली घालूनच, गोजरबाई म्हणाली, “चल की मग उंबऱ्या, तुला अडवलं कुणी…” हात थांबला. “घराला काय सांगायचं ते सांगते मी…” पुढं काही येईना. तिनं खिडकीतून बाहेर बघितलं. “थांब, विहाराला कुलूप लावायचं राहिलं.”

मोनालीनं तेबी लिहिलं.

गोजरबाईनं हात धुतले, झाडू घेतला आणि गेली. विहार झाडला, विझलेल्या मेणबत्त्यांचं मेण खरवडलं, सतरंजी गुंडाळून कोपऱ्यात उभी केली, दोन्ही खिडक्या लावल्या. कुलूप घातलं, दोनदा ओढून बघितलं, किल्ली पदराच्या गाठीत बांधली आणि घराकडं निघाली. तव्यावरची भाकरी मोनालीनं उतरवली असंल का नाय, याची तिला काळजी होती.