मांजरीच्या कुशीवरचा काळा डाग
पुण्याला नोकरीला जाताना मुलीनं तिची निळ्या डोळ्यांची सयामी मांजर निमगाव सावाला आमच्याकडं ठेवली. हिवाळ्यात मांजरीच्या कुशीवर गाठ आली. ऑपरेशनसाठी तिथले दुधी केस भादरले. पुढं त्याच जागी काजळीसारखा काळा डाग उमटला आणि रोज गडद होऊ लागला. मला वाटलं, कातडी सडतेय. व्हिडिओ कॉलवर मी मुलीपासून ती कूस लपवायचो. मला जेवण जाईना. शेवटी मांजरीला पिशवीत घालून मंचरला डॉक्टरांकडं धावलो.

"डॉक्टर, वाचंल ना व्हो ती?"

त्यांनी डागावर फुंकर मारली. "काका, हे नवे केस आहेत. या जातीचं अंग जिथं गार पडतं, तिथं केस काळे येतात. भादरल्यामुळं थंडीत ही जागा गार पडली. कान, शेपूट बघा की."

मला तिथंच रडू फुटलं.